आधार केव्हां काढावा?

जून महिना उजाडला कीं शाळांच्या घंटा पुन्हां वाजूं लागतात आणि घरोघरीं दोन प्रकारची धांदल सुरू होते. एक, पहिलीच्या वर्गांत पाऊल टाकणाऱ्या बालकाची. दुसरी, शाळा संपवून परगांवच्या वसतिगृहांत राहावयास निघालेल्या मुलाची वा मुलीची. पहिल्या प्रसंगीं आईचे डोळे पाणावतात, पण त्यांत काळजी थोडी व कौतुक अधिक असतें. दुसऱ्या प्रसंगीं काळजीच अधिक. सामान भरतां भरतां त्या माउलीच्या मनांत प्रश्न येत असतात : याला स्वतःचे कपडे धुतां येतील का? आजारी पडला तर कोणास सांगेल? पैसे पुरवून वापरील का? या प्रश्नांचीं उत्तरें सामान भरण्याच्या दिवशीं शोधून सांपडत नाहींत. तीं दहा-बारा वर्षें अगोदर, त्या पहिल्या धांदलीपासूनच, थोडथोडीं तयार होत यावयास हवीं असतात. या महिन्याच्या लेखासाठीं आम्हीं हाच विषय घेतला आहे.

शाळा मुलांस काय देते, असा प्रश्न केला तर बहुतेक पालक ‘विद्या’ असें उत्तर देतात. थोडे अधिक विचारी असतील ते ‘विद्या आणि संस्कार’ असें म्हणतात. आपल्या महाराष्ट्रांतील पुष्कळ शाळांच्या भिंतींवर मूल्यांच्या पाट्या लावलेल्या असतात. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता हीं नांवें मुलें परिपाठाच्या वेळीं घडाघड म्हणून दाखवितात. परंतु श्रमप्रतिष्ठेची पाटी ज्या वर्गांत टांगलेली आहे, तो वर्ग मुलांनीं कधींच झाडावयाचा नसेल आणि शिपायाशीं बोलतांना गुरुजींचा आवाज चढत असेल, तर मुलें पाटी वाचतात एक आणि शिकतात भलतेंच. वक्तशीरपणाचेंहि तसेंच. रोज आई तीन वेळां हांका मारून उठविते म्हणून जो मुलगा वेळेवर शाळेंत येतो, त्याची आई वक्तशीर झाली, त्याचें काय? मूल्य सांगून येत नाहीं. काम सोपविलें, तें निभावावयास लागलें, म्हणजे तें हळूहळू अंगीं बाणतें.

आणि हीं सर्व मूल्यें अखेर कशासाठीं? विद्यार्थ्यानें एक दिवस आपल्या पायांवर उभें राहावें, आपल्या बुद्धीनें बरें-वाईट ठरवावें, आणि त्याचा भार दुसऱ्यावर न टाकतां स्वतः वाहावा, याचसाठीं. म्हणून आमचें सांगणें थोडक्यांत असें कीं, मुलास आधार अवश्य द्यावा; पण तो पुढें काढून घेण्याच्या बेतानेंच द्यावा. आणि काढतांना तो एकदम न काढतां, त्याच्या जागीं मुलाच्या हातीं एखादें खरें काम ठेवून काढावा.

आपल्या पूर्वजांस हें तत्त्व ठाऊक होतें. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींतील अकरावा अनुवाक पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. अध्ययन संपवून गुरुगृहांतून निघणाऱ्या शिष्यास आचार्य जो शेवटचा उपदेश करतात, तो त्यांत आला आहे. सत्य, धर्म, स्वाध्याय, माता-पिता-आचार्य-अतिथि यांविषयींचा आदर, एवढा भाग सर्वांच्या कानांवर असतो. पदवीदानसमारंभांतहि तो ऐकूं येतो. परंतु त्याच्या पुढचा भाग आमच्या मतें अधिक मोलाचा आहे. आचार्य शिष्यास बजावतात कीं, आमच्या वागण्यांत जें चांगलें असेल तेवढ्याचेंच अनुकरण कर, बाकीच्याचें करूं नकोस. आणखी पुढें ते सांगतात कीं, एखाद्या कृत्याविषयीं वा वर्तनाविषयीं मनांत संशय आला, तर त्या ठिकाणीं जे विचारी आणि कठोरपणा नसलेले सज्जन असतील, ते कसे वागतात तें पाहून वागावें.

या उपदेशांतील दोन गोष्टी आजच्या आई-बापांनीं व शिक्षकांनीं ध्यानांत घ्याव्या अशा आहेत. पहिली ही कीं, गुरु स्वतःलाच पारखून घेण्याचा अधिकार शिष्यास देतो. वर्षानुवर्षें ज्याची आज्ञा शिरसावंद्य मानली, तोच निरोपाच्या वेळीं म्हणतो, ‘माझेंहि सर्व घेऊं नकोस.’ दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. संशय आला तर ‘माझ्याकडे परत ये’ असें गुरु म्हणत नाहीं. शिष्य जेथें असेल तेथेंच चांगलीं माणसें ओळखावीं व त्यांच्याकडे पाहून मार्ग काढावा, अशी युक्ति तो देतो. परगांवीं निघालेल्या मुलास देण्यासारखी याहून चांगली शिदोरी आम्हांस तरी दुसरी दिसत नाहीं.

आतां आपल्या घरांकडे वळूं. पूर्वीं गुरुजी फळ्यावर गृहपाठ लिहीत आणि मूल तो वहींत उतरून घेई. उतरून घ्यावयास विसरलें तर दुसऱ्या दिवशीं त्याचा परिणाम त्यालाच भोगावा लागे. आज पुष्कळ शाळांतून गृहपाठ, उद्यां आणावयाचें साहित्य, सहलीची सूचना, सारें आईच्या मोबाइलवर येतें. सोय मोठी आहे, आणि नोकरी करणाऱ्या मातांस तिचा उपयोगहि होतो. पण या सोयीच्या पोटांत एक गोष्ट कोणाच्या लक्षांत न येतां घडली : ‘उद्यां काय न्यावयाचें’ हें लक्षांत ठेवण्याचें काम मुलाचें होतें, तें आईचें झालें. संध्याकाळीं व्हॉट्सॲपवर माता एकमेकींस विचारीत असतात, ‘उद्यांची चाचणी कितव्या धड्यापर्यंत?’ आणि ज्याची चाचणी तो चिरंजीव शेजारच्या खोलींत निश्चिंतपणें खेळत असतो. प्रकल्पाची वही रात्रीं बाबा पुठ्ठे कापून पुरी करतात. स्पर्धेचें भाषण आजोबा लिहून देतात. कोणता क्लास लावावयाचा, कोणती शाखा घ्यावयाची, हें वडील माणसें ठरवितात, आणि मुलास तें नंतर कळतें.

हें सर्व प्रेमापोटींच होतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. मुलाचा वेळ वांचावा हा हेतु. वांचलेल्या वेळांत तो अभ्यासहि करतो व गुण मिळवितो. पण ज्या गोष्टींचा रकाना गुणपत्रिकेंत नसतो, त्या त्याच्या हातांतून निसटून जातात.

आमच्या ओळखीच्या एका घरांतील हकीकत येथें सांगतों. मुलगा हुषार, दहावीस व बारावीस उत्तम गुण. वडील साक्षेपी आणि प्रेमळ. मुलास पहांटे उठविण्यापासून प्रवेशाचा अर्ज संगणकावर भरण्यापर्यंत सर्व कांहीं त्यांनींच केलें. मुलगा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं दूरच्या शहरीं गेला आणि पहिल्या सत्रांत एका विषयांत नापास झाला. ही कांहीं आकाश कोसळण्याजोगी गोष्ट नव्हे. परंतु अपयश आयुष्यांत पहिल्यानेंच आलेलें. तें कोणास व कसें सांगावयाचें असतें, हेंच त्यास ठाऊक नव्हतें. दोन महिने त्यानें कोणास कांहीं कळूं दिलें नाहीं. रोज रात्रीं फोनवर ‘जेवलास का?’ ‘जेवलों.’ ‘अभ्यास चालला आहे ना?’ ‘हो बाबा.’ एवढेंच बोलणें होई, आणि पुष्कळदां तीं दोन्ही उत्तरें खरीं नसत. अखेर खोलींतील सोबत्यानें परस्पर घरीं कळविलें कीं, हा चार दिवस अंथरुणांतून उठलेला नाहीं. आई-वडील धांवत गेले. वेळेवर पोंचले, ही ईश्वराची कृपा. मनाच्या आजारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचें साहाय्य त्यांनीं न लाजतां घेतलें, हें त्यांचें शहाणपण. मुलगा सांवरला, त्याचें शिक्षणहि पुरें झालें. परंतु एकदां आमच्याशीं बोलतां बोलतां त्याचे वडील म्हणाले, ‘गुरुजी, त्याची प्रत्येक अडचण मीं त्याच्या आधीं पाहिली, म्हणून त्याला ती दिसलीच नाहीं कधीं.’ या वाक्यावर वेगळें भाष्य करण्याचें कारण नाहीं.

अशी हकीकत ऐकली कीं दुसऱ्या टोकाचें बोलणारे लगेच पुढें सरसावतात. ‘आमच्याकडे कोणी पाहिलें होतें? आम्ही नाहीं का शिकलों? पोरांना द्या सोडून, आपोआप शिकतील!’ आणि मग थोरांचे दाखले निघतात. महर्षि अण्णासाहेब कर्वे १८७५ सालीं परीक्षेस बसण्यासाठीं कोंकणांतील मुरुडहून साताऱ्यास, घाट ओलांडून, शंभरांहून अधिक मैल पायीं गेले. आणि तेथें पोंचल्यावर वय लहान दिसतें म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ही कथा त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मवृत्तांत सांगितली आहे. दाखला खरा आहे आणि वंदनीयहि आहे. परंतु तो देतांना आपण दोन गोष्टी विसरतों. कर्वे वाटेनें एकटे नव्हते, सोबत मित्र होते. आणि मागें मुरुडास सोमण गुरुजींसारखा उत्तेजन देणारा शिक्षक होता. दुसरें असें कीं, त्या काळीं जे वाटेंतच खचून बसले त्यांनीं आत्मवृत्तें लिहिलीं नाहींत. तरून गेलेल्यांच्याच कथा आपल्यापर्यंत येतात, म्हणून पाण्यांत ढकलणें हीच पोहावयास शिकविण्याची रीत आहे असा भ्रम होतो.

वस्तुतः त्या काळींहि विद्यार्थ्यांस कोणी अगदींच सोडून देत नसे. आपल्या घरांतील वडील माणसांस वार लावून जेवण्याची रीत ऐकून तरी ठाऊक असेल. गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिक्षणासाठीं गांवांत आला कीं सात घरीं सात वार लावी. कोणी माधुकरी मागून राही. या रीतींत एक शहाणपण होतें. एक घर आठवड्याचें एकच जेवण देई. त्यामुळें कोणत्याहि एका घरास त्या मुलावर मालकी सांगतां येत नसे. आणि आज कोणाकडे, किती वाजतां, त्या घरीं सुतक आलें तर काय करावयाचें, हा सर्व व्यवहार तें दहा-बारा वर्षांचें पोर स्वतः सांभाळी. आधार होता, पण उरलेलें चालणें त्याचें त्यालाच होतें.

मात्र या रीतीचे दोष आपण झांकूं नयेत. कांहीं घरीं पानांत अन्नाबरोबर अपमानहि वाढला जाई. मुलींस तर ही वाट नव्हतीच. आणि हा सारा आधार आपल्याच जातीच्या मुलांपुरता होता. ज्यांस ही दारें बंद होतीं तीं मुलें कोठें जेवत असतील, कशीं शिकत असतील, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनीं फारसा विचारला नाहीं. तो दुसऱ्यांनीं विचारला आणि कृतीनें सोडविला. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभीं करविलीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसत. १९२७ सालीं महात्मा गांधींनीं त्या वसतिगृहास भेट दिली. तें चालविण्यापायीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे अंगावरचे दागिने गेले, ही गोष्ट महाराष्ट्रास सुपरिचित आहे.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें भाऊरावांच्या कार्यांतील मर्म निराळेंच आहे. त्यांच्या वसतिगृहांतील मुलें स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतांत राबत. पुढें १९४० सालीं त्यांनीं साताऱ्यास महाराजा सयाजीरावांच्या नांवें हायस्कूल काढलें, तेंहि ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. मुलास अन्न मिळे, पण त्यांत त्याच्या स्वतःच्या घामाचा वांटा असे. म्हणून तें घेतांना त्यास मान खालीं घालावी लागत नसे. वाराच्या जेवणानें पोट भरलें. भाऊरावांच्या भाकरीनें पोट भरलें आणि पाठीचा कणाहि ताठ राहिला. मदत आणि श्रम यांची अशी जोड घातली म्हणजे मदत घेणारा लाचार होत नाहीं, हा धडा आपल्या सुखवस्तु घरांसहि लागू आहे.

साने गुरुजींचें उदाहरण वरवर पाहतां याच्या उलट वाटेल. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० या काळांत ते शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीहि त्यांनीं सांभाळली. मुलें खोल्या अस्ताव्यस्त टाकून शाळेंत गेलीं कीं गुरुजी त्या स्वतः आवरून ठेवीत, कपड्यांच्या घड्या करीत. मग हे लाड झाले कीं काय? नाहीं, कारण परिणाम असा झाला कीं, मुलें ओशाळलीं आणि आपलें आपण आवरूं लागलीं. शिवाय गुरुजी मुलांसाठीं ‘छात्रालय दैनिक’ रोज हातानें लिहून काढीत. जें मुलांकडून व्हावें असें वाटे, तें ते अगोदर स्वतः करून दाखवीत. करून दाखविणें आणि करून टाकणें या दोहोंत महदंतर आहे. करून दाखविणाऱ्याची दृष्टि मुलाकडे असते. करून टाकणाऱ्याची कामाकडे.

अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांनींहि या गोष्टीचा बारकाईनें विचार केला आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या तिघांचा एक निबंध १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. तीन, चार व पांच वर्षांच्या मुलांस लांकडी ठोकळ्यांचा मनोरा रचावयास दिला आणि शिकविणारी व्यक्ति केव्हां व कशी मदत करते तें त्यांनीं टिपून ठेवलें. तीन वर्षांच्या मुलांचें चित्त मुळांत त्या कामाकडे वळवावें लागे. चार वर्षांच्यांस चूक कोठें झाली तें बोलून दाखवावें लागे. पांच वर्षांच्या मुलांस मात्र ‘बरोबर आहे ना?’ याला होकार मिळाला कीं पुरे. या मदतीस त्यांनीं परांचीची उपमा दिली. उपमा समर्पक आहे. इमारत बांधतांना गवंडी परांची बांधतो, आणि काम जसजसें पुरें होईल तसतशी ती उतरवितो. घर बांधून झाल्यावरहि परांची तशीच राहिली, तर घरधन्यास दार उघडतां यावयाचें नाहीं.

हें सर्व शाळेंत प्रत्यक्ष कसें घडतें, याचा एक लहानसा प्रसंग आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेला आहे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा किरकोळ खर्चाचा हिशेब मुख्याध्यापकांनीं नववींतील एका मुलाकडे सोपविला होता. संमेलन पार पडलें आणि हिशेबांत १४० रुपये कमी भरले. मुलगा रडकुंडीस आला. एक सहशिक्षक कनवाळू होते. ते म्हणाले, ‘मी भरतों ते पैसे, पोराला कशाला त्रास?’ मुख्याध्यापक म्हणाले, ‘पैसे भरून निघतील हो, मुलगा कसा भरून निघेल?’ त्यांनीं मुलास रागाचा एक शब्द उच्चारला नाहीं. संध्याकाळीं शाळा सुटल्यावर त्यास समोर बसविलें. ‘पावत्या आणल्यास? मग तूं वाच, मी ऐकतों.’ पहिल्या दिवशीं कांहीं निष्पन्न झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं अर्ध्यावर येतांच मुलगा ताडकन् उठला : ‘सर, खुर्च्या परत नेल्या तेव्हां हातगाडीवाल्याला दिले ते मीं लिहिलेच नाहींत!’ मुख्याध्यापक म्हणाले, ‘मग आतां लिही. आणि पुढच्या वेळीं पैसे हातांतून सुटण्याआधीं लिही.’ पुढच्या वर्षीं हिशेब कोणाकडे द्यावा याची चर्चा निघाली, तेव्हां त्यांनीं पुन्हां त्याच मुलाचें नांव घेतलें.

या प्रसंगांत आमच्या सांगण्याचें सार आलें आहे. सोपविलेलें काम खरें होतें, खेळांतलें नव्हतें. चूक होण्यास वाव होता, पण चूक परवडण्याजोगी होती. चूक झाल्यावर जवळ बसणारें माणूस होतें, पण त्यानें मुलाच्या हातची लेखणी काढून घेतली नाहीं. आणि चुकल्यानंतरहि तेंच काम पुन्हां मिळालें. यांतील शेवटची गोष्ट आपल्याकडे फार क्वचित् घडते. मुलाच्या हातून दुधाचें भांडें एकदां सांडलें कीं आई म्हणते, ‘राहूं दे, तुला नाहीं जमायचें’. आणि तें काम त्याच्याकडे पुन्हां कधीं येत नाहीं.

आतां घरीं काय करावें, तें सांगतों. सहा-सात वर्षांच्या मुलानें आपलें दप्तर आपण भरावें. जेवलेलें ताट उचलून ठेवावें. शाळेची सूचना मोबाइलवर आली असली तरी ती आईनें लगेच वाचून दाखवूं नये. ‘उद्यां काय न्यावयाचें आहे?’ असें आधीं मुलासच विचारावें. दहाव्या वर्षानंतर त्याच्या हातीं थोडे पैसे व हिशेबाची वही द्यावी. रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं दहा वर्षांवरील मुलांस स्वतः बचतखातें उघडून चालविण्याची मुभा बँकांकडून मिळूं शकेल अशी तरतूद केली आहे. तिचा लाभ घ्यावा आणि पैसे भरावयास व काढावयास मुलासच पुढें करावें, आपण मागें उभें राहावें. बारा-तेरा वर्षांच्या मुलानें आपलें आपण उठावें. एक-दोन दिवस शाळेस उशीर झाला तर होऊं द्यावा. चौदा-पंधराव्या वर्षीं दिवसाउजेडीं एस.टी.नें एकट्यानें मामाच्या गांवीं जाऊन यावें. सोळाव्या वर्षीं पुत्र हा मित्र होतो असें आपण तोंडानें म्हणतों. तर मग घरांतील खर्चाची ओढाताण, आजाऱ्याची शुश्रूषा, लग्नकार्यांतील अडचणी यांविषयीं त्याच्याशीं मित्रासारखें बोलावें आणि शाखा निवडतांना शेवटचा शब्द त्याचा असूं द्यावा. आपण आपलें मत मोकळेपणें सांगावें, पण सांगून थांबावें.

येथें आमच्या भगिनीवर्गास एक विनंति आहे. मुलीस आपण स्वयंपाक शिकवितों तो सासरच्या धाकानें, आणि मुलास शिकवीत नाहीं तो लाडानें. मुलास बँकेंत पाठवितों, मुलीच्या वतीनें मात्र भाऊ जातो. यांत दोघांचेंहि अर्धें शिक्षण राहून जातें. परगांवच्या खोलींत भूक दोघांसहि सारखीच लागते, आणि बँकेंतील कागदहि दोघांस सारखेच वाचावे लागतात.

शाळांसहि थोडें सांगावयाचें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवी या इयत्तांत केव्हांतरी दहा दिवस दप्तराविना ठेवावे आणि त्या काळांत मुलांनीं सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ काम शिकावें, असें सुचविलें आहे. सूचना उत्तम आहे. पण ते दहा दिवस केवळ सहल व छायाचित्रें यांत गेले तर उपयोग शून्य. सुताराच्या हातीं रंधा आणि मुलाच्या हातीं मोबाइल, असें होऊं नये. मुलानें स्वतः घडविलेला पाट, मग तो डगडगणारा कां असेना, घरीं यावा. आणि घरच्यांनीं त्याच पाटावर बसून जेवावें.

कायद्यानें तर आपणां सर्वांच्या पुढें मजल मारली आहे. १९८८ सालच्या ६१ व्या घटनादुरुस्तीनें मतदानाचें वय २१ वरून १८ वर आणलें. देशाचा कारभार कोणाच्या हातीं द्यावा हें ठरविण्यास अठरा वर्षांचा तरुण योग्य आहे, असें राष्ट्र म्हणतें. आणि महाविद्यालयांत कोणता विषय घ्यावा हें ठरविण्यास तो अजून लहान आहे, असें घर म्हणतें. यांतील कोणाचें तरी चुकत असलें पाहिजे. आमच्या मतें चूक राष्ट्राची नाहीं. अठरा वर्षांच्या आंत जी तयारी घरानें व शाळेनें करवून घ्यावयाची, ती राहून गेली आहे.

कोणी विचारील, ‘मुलगा आधींच दूर गेला आहे, आणि यांतलें कांहींच झालेलें नाहीं, आतां काय?’ त्यांस सांगतों कीं वेळ अजून गेलेली नाहीं. फोनवर ‘जेवलास का’ हें अवश्य विचारा, पण तेवढ्यावर थांबूं नका. ‘या आठवड्यांत काय जमलें नाहीं?’ हेंहि विचारा, आणि उत्तर येईल तें शांतपणें ऐका. लगेच उपाय सांगूं नका. त्याआधीं स्वतःस काय जमलें नाहीं तें सांगा. वडिलांसहि अपयश येतें, तें बोलून दाखवितां येतें, आणि बोलल्यावर माणूस लहान होत नाहीं, एवढें मुलास कळलें तर त्याचें पुष्कळ ओझें उतरतें. आणि तेथें कोण चांगला अध्यापक आहे, कोणता मित्र विश्वासाचा आहे, याची विचारपूस करा. उपनिषदांतील आचार्यांनीं शिष्यास दिलेली युक्ति तीच होती.

असो. शाळा सुरू होत आहेत. आमच्या वाचकांनीं या पहिल्या पंधरवड्यांत एकच करून पाहावें. आजवर मुलासाठीं आपण करीत आलों असें एक काम निवडावें, तें एकदां त्याच्याबरोबर करावें आणि मग त्याच्या स्वाधीन करावें. पहिल्या दिवशीं तें बिघडेल. दुसऱ्या दिवशींहि बिघडेल. त्या वेळीं हात पुढें न करतां जवळ बसून राहणें हेंच फार कठीण असतें. तीस-पस्तीस वर्षें शाळेंत काढलेल्या आमच्यासारख्यासहि तें सोपें वाटत नाहीं. पण तेवढें साधलें तर मुलासहि कळतें कीं काम आपलें आहे, आणि माणसेंहि आपलींच आहेत.